जाळीच्या कपाटावरची चौथी स्प्रिंग

मी एक जुनी स्प्रिंग आहे. लांबीला तुमच्या तीन बोटांच्या रुंदीएवढी, जाडीला करंगळीहून कमी. मला पाहिलंत तर पेनातली असेल म्हणाल आणि पुढे जाल. मित्रांनो, माझी तक्रार इथूनच सुरू होते. पेनातली स्प्रिंग दाबली जाते, मी ताणली जाते. मला तयार केलं ते गिटारच्या पोटात बसण्यासाठी. पण तेवीस महिने मी रत्नागिरीतल्या एका स्वयंपाकघरात जाळीच्या कपाटाचं दार ओढून धरण्यात घालवले.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला ठाऊक नाही. पोलादी तारेला यंत्राने वेटोळी दिली, एका टोकाला आकडा वळवला आणि माझ्यासारख्याच तिघींबरोबर मला एका लाल गिटारच्या पाठीतल्या खोबणीत अडकवलं. वर प्लॅस्टिकचं झाकण, त्याला सहा स्क्रू. आत काळोख, पण काम मानाचं होतं. गिटारवर ब्रिज नावाची एक पट्टी असते. पुढून सहा तारा तिला ओढतात आणि मागून आम्ही. दोन्ही ओढी सारख्या असल्या की ब्रिज सपाट राहतो. त्याला एक दांडी असते. ती दाबली की सूर खाली लवतो, सोडली की जागेवर येतो. जागेवर आणायचं काम आमचं.

गिटार संदेशची. तो अगदी बारीक तारा लावायचा. त्यांच्या मानाने चौघींची ओढ जास्त होत होती, म्हणून त्याने मला काढलं. हा निर्णय बरोबर होता. चूक पुढे झाली. त्याने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि आठ दिवसांनी तो बोटीवर नोकरीला गेला.

टेबलावर पडलेली वस्तू संदेशच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या दृष्टीने बेवारस असते. अण्णांची हयात मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. ते काही टाकत नाहीत. त्या सुमारास मांजर जाळीच्या कपाटाचं दार पंज्याने उघडून मासे पळवत होतं आणि संदेशची आई वासंतीबाई रोज कुरकुरत होत्या. अण्णांनी दोन खिळे ठोकले आणि मला त्यात अडकवलं. दार आपोआप लागू लागलं. मासळी घेऊन येणारी गंगुबाई दार चार वेळा उघडून बघत म्हणाली, "अण्णा, माज्या घरी पन असली एक लावून द्या."

माझं कौतुक झालं ते एवढंच. त्यानंतर दिवसातून तीसेक वेळा मला ताणायचं आणि सोडायचं. खारी हवा आणि फोडणीची वाफ यांनी मी तांबूस झाले.

गिटार मात्र बंद राहिली नाही. संदेशची बायको मृणाली ती शिकली आणि पोस्टातली नोकरी सांभाळून रावजींच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागली. मी भिंतीपलीकडून ऐकत असे.

भाद्रपदाच्या तोंडावर एका सोमवारी तिची पहिली तार तुटली. टेबलावर गंजलेले तुकडे पाहून अण्णांनी निदान केलं.

"तार बारीक आहे गो. आपल्या खाऱ्या हवेत बारीक वस्तू टिकत नाही. जाड लाव."

"अण्णा, गिटार आहे ती. बोटीचा दोर नाही."

"दोराला हवा लागते, गिटारला लागत नाही काय?"

मृणालीने नऊ नंबरच्या बारीक तारांच्या जागी अकराचा जाड सेट लावला. जाड तार सुरात आणायला जास्त ताणावी लागते. म्हणजे पुढची ओढ वाढली. मागे आम्ही तिघीच, चौथी कपाटावर. ब्रिजची मागची कड वर उचलली गेली. एक तार चढवली की बाकीच्या उतरायच्या. सहावी सुरात आली की पहिली गेलेली असायची. मृणाली दोन तास स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुंट्या पिळत होती आणि मी तिच्यापासून पाच हातांवर लटकून सगळं बघत होते.

मंगळवारी तालमीत तिसऱ्याच गाण्याला गिटार बेसूर झाली. मृणाली घरी येऊन म्हणाली, "रावजीकाका म्हणाले, कीबोर्डमध्ये गिटारचा आवाज आहे. शनिवारच्या तालमीला ही सुरात राहिली तर रविवारी मालगुंडच्या कार्यक्रमात मी वाजवायचं. नाहीतर माझी खुर्ची काढणार."

"रविवारपुरती?" वासंतीबाईंनी विचारलं.

"कायमची."

बुधवारी अण्णांनी गिटार टेबलावर पालथी घातली आणि झाकण काढलं. माझ्या तिघी बहिणी दिसल्या. त्या ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात ती दोन स्क्रूंनी लाकडात बसवलेली असते. ते आवळले की मागची ओढ वाढते. अण्णांना हे बरोबर कळलं. पहिला स्क्रू त्यांनी शेवटपर्यंत आवळला. दुसरा गंजून बसला होता. त्याला तेल घालून थांबायला हवं होतं. अण्णांनी इंजिनाचा स्क्रू ड्रायव्हर आणला आणि जोर लावला. स्क्रूची खाच झिजून सपाट झाली.

"आता हा ह्या जन्मात फिरणार नाही," अण्णा म्हणाले. जणू दोष स्क्रूचा.

गुरुवारी त्यांनी आंब्याच्या पेटीची फळी तासली आणि तिची पाचर ब्रिजखालच्या ठोकळ्यामागे ठोकली. ब्रिज सपाट झाला, तारा सुरात राहिल्या. मृणालीने दांडी दाबली. दांडी हलेना.

"हलत नाही तर बरंच ना, बिघडणार नाही," अण्णा म्हणाले.

"मालगुंडच्या पहिल्याच गाण्यात शेवटचा सूर लवतो, अण्णा. त्यासाठीच मला घेतलंय." दमट हवेत पाचर शुक्रवारपर्यंत फुगली आणि सूरही हलले.

शुक्रवारी संध्याकाळी बोटीवरून संदेशचा व्हिडिओ कॉल आला. मृणालीने त्याला गिटारची पाठ दाखवली.

"आत किती स्प्रिंगा आहेत?"

"तीन."

"चौथी लाव. मी काढून टेबलावर ठेवली होती."

"कधी?"

"बोटीवर यायच्या आधी. मागच्या वेळी."

मित्रांनो, यापुढचा पाऊण तास मी विसरणार नाही. अण्णांनी बिस्किटांचे तीन डबे ओतले. खिळे, नट, घड्याळाचे पट्टे, एका कुलपाच्या पाच किल्ल्या निघाल्या. मृणालीने माळा पाहिला. मध्येच अण्णांना तहान लागली, चहा हवा झाला. त्यांनी कपाट उघडलं, दूध काढलं आणि दार सोडलं. मी माझं काम केलं. दार लागलं. "कुठे गेली असेल गो?" असं म्हणत ते पुन्हा डब्यांपाशी बसले.

वासंतीबाई मागच्या दारी गंगुबाईकडून सुरमई घेत होत्या. आत येऊन त्यांनी तो पसारा पाहिला.

"काय शोधताय?"

"तुझ्या कामाचं नाही. स्प्रिंग."

"ही?" त्यांनी कपाटाच्या दाराला हात लावला. "तुम्हीच लावलीत की."

"मग सांगायचं नाही काय?"

"मला कुणी विचारलंत?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. तेवीस महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मांजराचं काय?" वासंतीबाईंनी विचारलं आणि मृणालीकडे बघून स्वतःच मला खिळ्यावरून सोडवलं. "जाऊ दे. घे."

मृणालीने मला कोरड्या फडक्याने पुसलं. शनिवारी सकाळी तिने तारा सैल केल्या, पाचर काढली आणि मला बहिणींशेजारी अडकवलं. मग एकाच चालत्या स्क्रूला उलटा अर्धा फेरा, पुन्हा सूर, पुन्हा बघणं. अकरा वेळा. अण्णा शेजारी टॉर्च धरून बसले होते, हात न लावता. अकराव्या वेळी ब्रिज सपाट झाला. दांडी दाबली, सूर लवला आणि परत आला.

तालमीत गिटार सुरात राहिली. रविवारी मालगुंडला पहिल्या गाण्याचा शेवटचा सूर खाली गेला, थरथरला आणि आम्ही चौघींनी त्याला जागेवर आणलं. रावजी म्हणाले, "बरी लागली आज." टाळ्या पुढच्या बाजूला पडल्या. त्याच वेळी घरी मांजराने सुरमईचे चार तुकडे नेले. सोमवारी आंब्याच्या पेटीची पाचर कपाटाच्या दारात बसली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. पुढे काही बदललंत तर मागे काय ताणलं जातंय ते उघडून बघा. आणि एका वस्तूतून काढलेला भाग दुसऱ्या कामाला खुशाल लावा, पण तो कुठे लावला ते कुठेतरी लिहून ठेवा. घरात शोधाशोध झाली तर आधी ती वस्तू रोज वापरणाऱ्या माणसाला विचारा.

हवा खेळावी म्हणून मृणालीने माझ्यावरचं झाकण परत लावलं नाही. ते तिने टेबलावर ठेवलं. मी आतून ओरडायचीच बाकी राहिले होते.

बुधवारी ते झाकण तिथे नव्हतं. मृणालीने घरभर पाहिलं नाही. तिने वासंतीबाईंना विचारलं. मग पेन आणलं, गिटार पालथी घातली आणि आमच्या खोबणीच्या लाकडावर बारीक अक्षरात लिहिलं: "झाकण मोरीच्या भोकावर आहे. अण्णांनी लावलंय."