तीनशे ग्रॅम

"अहो, दोन किलोची नवी पिशवी दोन किलो तीनशे कशी भरते?"

मी विचारलं, तर आमचे हे खिडकीकडे बघत बसले. तीन वर्षं घरातच डायलिसिस चाललंय. दिवसातून चारदा पोटातल्या नळीने औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, निघालेल्या पिशवीचं वजन वहीत लिहायचं. गेलं त्याहून जास्त आलं, की अंगातलं पाणी उपसलं गेलं. नवी पिशवी कोण तोलतंय? आज बोलण्याच्या नादात चुकून काट्याला अडकवली.

महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी पिशवीत टोचायला नवं औषध दिलं. म्हणाल्या, "यानं पोटाच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या रुंद होतील, घाण भराभर बाहेर पडेल. पण पिशवीतली साखरही भराभर रक्तात जाईल, आणि पाणी ओढते ती साखरच. निघालेल्या पिशवीचं वजन घटलं तर औषध बंद."

"मग पुढे?"

त्यांनी उगाच पेनाला टोपण लावलं. मशीनवरचं डायलिसिस यांच्या हृदयाला झेपणार नाही, हे आधीच सांगून झालं होतं.

पण आकडे कसे झकास! रोज दोन किलो दोनशे. मी मेली शेजारणीला सांगून आले, गाडी रुळावर आली म्हणून. यांचे पाय सुजले, ते उन्हावर ढकललं. दोन पायऱ्यांत धाप लागली, तर म्हटलं वय झालं.

आणि हा माणूस चाळीस वर्षं तराजू दुरुस्त करणारा! काट्यात लबाडी करून मागणाऱ्या दुकानदाराला यांनी पायरीवरून हाकललेलं मी पाहिलंय.

"लाज नाही वाटली आपल्याच काट्याचा स्क्रू पिळताना?"

"वाटली ना. पण आकडा लिहिताना तू गुणगुणायला लागलीस. किती वर्षांनी."

मला रडू फुटलं. "अहो, पाणी छातीत साठतंय तुमच्या!"

"औषध बंद केलं तर घाण साठेल. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय?"

"काटा नीट करा आधी."

त्यांनी चष्मा पुसला. सुजलेल्या बोटांतून स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला, पण मला हात लावू दिला नाही. नवी पिशवी लावून पाहिली. बरोबर दोन किलो. गिऱ्हाइकाला काटा परत देताना हलवायचे, तशी मान हलवली.

मग सकाळी काढलेली पिशवी लावली. एक किलो नऊशे.

मी वही उघडून तोच आकडा लिहायला घेतला. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. मी गुणगुणायला लागले.