हलके होत गेलेले पाकीट

टपालबाबूंच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले, त्या वर्षाची आठवण निघाली की आजही माझी स्प्रिंग आकसते. मित्रांनो, मी पत्रांचे वजन करणारा जुना टपालकाटा आहे. वर एक तबकडी, खाली पितळी पाय आणि पुढे आकड्यांवर फिरणारा काटा, एवढाच माझा संसार.

मला घडवणाऱ्या कारागिराचे बोट तबकडीला नुसते लागले तरी मी थरथरायचो. तो हसून म्हणायचा, "भित्रा आहे लेकाचा! पण काट्यानं भित्रंच असावं."

मग मी एका रसायनसंस्थेच्या तळमजल्यावर, टपालखोलीत आलो. लोकांना वाटते, संशोधक दिवसभर नळ्यांतून रंगीत पाणी ओततात. पण अर्धा दिवस ते पत्रेच लिहीत असतात. वरच्या मजल्यावरच्या बाईंची पत्रे मी रोज तोलायचो. 'बाटली पोचली, पण आतला माल भलताच आहे, परत न्यावा.' 'आपल्या लेखाची एक प्रत पाठवावी.' 'भट्टी दुरुस्तीबाबत पुन्हा स्मरण देत आहे.' शिवाय अहवाल आणि मागणीपत्रे होतीच. कधी कधी त्या आपल्या जुन्या सरांना एखाद्या नव्या पदार्थाची चिमूट कागदाच्या पुडीत घालून पाठवायच्या. 'मला वाटते तेच आहे का, तपासून कळवावे.' तेव्हा सगळेच असे करायचे. कोणाला त्यात वावगे वाटत नसे.

टपालबाबू प्रत्येक पाकिटावर संस्थेचा ठप्पा मारायचे. ठप्प्याचे रबर मधोमध झिजले होते. नव्या ठप्प्याचा अर्ज कुठेतरी पडून होता. म्हणून बाबू हात खांद्यापर्यंत उचलून असा दणका द्यायचे की टेबल हादरायचे आणि माझा काटा उडायचा. शेजारचे हिशेबनीस ओरडायचे, "बाबू, कागदानं काय घोडं मारलंय तुमचं?"

त्या वर्षी एका दुपारी बाई घाईने आल्या आणि त्यांनी एक पाकीट माझ्यावर ठेवले.

"बाई, पाकिटाला घाम फुटलाय," बाबू म्हणाले.

"आत्ताच गाळलंय मामा, सुकवायला वेळ नव्हता. निम्मं वर ठेवलंय, निम्मं सरांना. आजच्या टपालात जाऊ द्या."

"जाईल. आणि लग्नाला यायचं हं. पत्रिका फुकट छापल्या नाहीत मी."

"जेवायला नक्की येते," असे म्हणून बाई वर गेल्या.

ओल्या कागदावर ठप्प्याची शाई पसरते. बाबूंना गलिच्छ टपाल खपत नसे. त्यांनी मला पाकिटासकट उचलून टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला उन्हात ठेवले. "सुक बाबा जरा," म्हणाले आणि बाकीची पत्रे हातावेगळी करू लागले.

थोड्या वेळाने माझा काटा खाली सरकला. मग आणखी खाली. एका जागी पडलेली वस्तू हलकी होते, हे मी कधी पाहिले नव्हते. मघाशी आत चिकटून बसलेले कण सुटे झाले होते. बाबूंच्या प्रत्येक दणक्यासरशी ते पुडीत सरसरायचे.

इतक्यात वरच्या मजल्यावर फाडकन आवाज झाला. छताचा पोपडा माझ्याजवळ पडला.

"फोडली पुन्हा काहीतरी काच," बाबू पुटपुटले. "उद्या मागणीपत्र येतंच बघा."

माझ्या मनात मात्र बाईंचे शब्द घुमले. निम्मं वर, निम्मं सरांना. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो! बाबूंनी पाकिटाचा कोपरा चाचपला. खडखडीत सुकला होता. त्यांनी ठप्पा शाईत दाबला आणि दुसरा हात पाकिटाकडे आणला.

"मामा, हात लावू नका."

दारात बाई होत्या. एक भुवई जळून गेली होती, बोटाला रुमाल गुंडाळलेला होता. हातात पाण्याची चोचीची बाटली होती. निजलेल्या तान्ह्या बाळाजवळून जावे, तशा त्या पावले टाकत होत्या.

"का बाई, तिकीट कमी..." बाबूंनी वर पाहिले.

"ठप्पा हातातच असू द्या. टेबलावर ठेवू नका. आता उठा, खुर्ची न सरकवता."

"झालं काय?"

"वरच्यातलं जरासं सुकलं होतं मामा. चमच्यानं खरवडलं आणि उडालं. ओलं होतं तोवर गरीब होतं. इथं तर कितीतरी जास्त आहे."

बाबू अलगद उठले. "आणि मी त्याला उन्हात..."

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं! पाकिटावर लिहायला हवं होतं मी. जा बाहेर."

"आणि तुम्ही?"

"मी करून ठेवलंय, मीच निस्तरते. घरात लग्न आहे तुमच्या, जा म्हणते ना!"

बाबू दारापर्यंतच गेले. बाईंनी बाटलीची चोच पाकिटावर धरली. थेंब कागदावर पडला. मग दुसरा. एकेका थेंबाने माझा काटा वर चढू लागला. बाई त्याच्यावरून नजर हलवत नव्हत्या आणि मी श्वास रोखून धरला होता. सरांच्या पत्त्याची शाई विरघळून माझ्या पायांवरून ओघळली. पाकीट चिंब झाल्यावर त्यांनी ते अलगद पाण्याच्या घमेल्यात सोडले आणि घमेले मागच्या मोकळ्या आवारात नेले.

बाबू जिन्यावर मटकन बसले. ठप्पा अजून मुठीतच होता.

"आता सरांना काय कळवायचं हो बाई?"

"कळवते, वाट बघू नका म्हणून," असे म्हणत बाई त्यांच्याशेजारी बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या.

त्यानंतर बाबू कोणाचेही पाकीट तसेच घेत नसत. "आत काय आहे ते वर लिहा. प्रेमपत्र असेल तर प्रेमपत्र लिहा!" असे त्यांनी संचालकांनाही सुनावले. माझी भीती मात्र गेली नाही. पाकीट दिसले की मी कापायचो. 'काटा बिघडला' म्हणून मला कपाटावर टाकले, आणि विजेवरचा काटा आला. आता अंगावर धूळ आहे आणि स्प्रिंगला गंज.

मला पुसायला आला नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण दुसऱ्याच्या हाती काही देताना आत काय आहे ते त्याला सांगत जा. तो बिचारा तुमच्या भरवशावर हात पुढे करतो.

बाई नोकरीत असतानाच तापाने वारल्या. टपालबाबू त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी, नातवाला शाळेत घातले त्या वर्षी, घरी झोपेत वारले. त्यांचे दोन्ही हात शाबूत होते.