एकशे अठ्ठेचाळीस ठोके

विदादला हजब्यात, म्हणजे लग्नाआधीच्या एकांतात, बसवून नऊ दिवस झाले होते. नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, अंगावर ऊन घ्यायचं नाही, बसल्या जागी खायचं आणि उजळायचं, एवढंच काम. दाराशी खदूजा मावशी ठिय्या देऊन बसली होती. ही आईची थोरली बहीण, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या पहाऱ्यातून जेर्बा बेटावरची माशीसुद्धा आत यायला धजली नसती. सकाळी ऑलिव्ह तेलात कालवलेलं ब्सीसाचं भाजकं पीठ, दुपारी मटण, संध्याकाळी बदामाची मिठाई, असं सगळं ती स्वतः समोर बसून खायला घालत असे.

खायला घालणारी मावशी इथे, आणि खाल्लेलं जाळायला सांगणारा गाझी तिकडे फ्रान्समध्ये. विदादचा हा होणारा नवरा लियोंच्या एका व्यायामशाळेत लोकांची चरबी उतरवायचं काम करायचा. मोजल्याशिवाय त्याला कशाचाच भरवसा वाटत नसे. साखरपुड्याला त्याने अंगठीबरोबर एक घड्याळही दिलं होतं. ते मनगटावरून हृदयाचे ठोके मोजायचं, ठोक्यांवरून जळालेल्या कॅलरी काढायचं आणि सगळं जसंच्या तसं गाझीच्या फोनवर पाठवायचं. "रोज चारशे जाळ, म्हणजे लग्नाचा पोशाख छान बसेल," असं त्याने गोड बोलून सांगितलं होतं. म्हणून विदाद त्या बंद खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा पावलं जायची आणि अकरा पावलं परत यायची. तिला आधी या सगळ्याचं कौतुक वाटलं होतं. इतक्या लांबून आपली इतकी काळजी करतोय बिचारा, असं ती मैत्रिणींना सांगतही होती.

बुधवारी सकाळी त्याचा फोन आला. हाक नाही, विचारपूस नाही.

"काल दुपारी तीन ते पाच कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? इथेच. खोलीत."

"खोलीत बसून हृदय एकशे अठ्ठेचाळीस ठोक्यांवर जातं? तेही दोन तास? नऊशे कॅलरी जाळल्यास तू. माझ्याकडची पोरं धावून धावून मरतात, तरी एवढ्या जळत नाहीत."

"अरे, मी परातीत रव्याचा कुसकुस वळत होते. लग्नाचा. हातांना काहीतरी काम द्या म्हणून मावशीच्या मागे लागले होते मीच."

गाझी हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "माझी आजी जन्मभर कुसकुस वळली, विदाद. एवढ्या कॅलरी जळत असत्या तर म्हातारीची खारीक झाली असती. खरं सांग, कोणाला भेटायला गेली होतीस?"

विदाद घाईने म्हणाली, "शपथ घेते, गाझी."

"शपथ काय, कोणीही घेतं. आत्ताच बघ की, एकशे बारा झाले. काही केलं नाहीस तर मग घाबरलीस कशाला?"

तिने मनगट ओढणीत लपवलं, पण त्याने काय होणार? घड्याळ काढून फेकावं तर ती कबुलीच ठरणार. अंगावर ठेवावं तर भीतीचा एकेक ठोका त्याच्या हातात पडणार. श्वास रोखून ती जितकी शांत व्हायला बघत होती, तितका आकडा वर चढत होता.

"संध्याकाळपर्यंत वेळ देतो," तो म्हणाला. "नाहीतर बाबांना सांगून तारीख पुढे ढकलू. मग बघू."

नवरी हजब्यात असताना तारीख पुढे ढकलली की गाव काय समजतं, ते कोणी कोणाला समजावून सांगायला नको. तिच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही, एवढाच आता प्रश्न होता, आणि तिच्याकडे शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं.

उम्मीने, तिच्या आईने, सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. हळूच म्हणाली, "पोरी, माझ्यापाशी तरी खरं सांग. गेली होतीस का कुठे?"

हे मात्र विदादला फार लागलं. गाझी निदान समुद्रापलीकडे होता. आई काल तिच्या शेजारीच बसून रवा चाळत होती.

"मब्रूका, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मावशी बहिणीवर कडाडली. "दार माझ्या बुडाखाली होतं! जाईल कुठून? चुलीच्या धुराड्यातून? आण ती परात. आणि तू गं, रड नंतर, आधी बस इथे. काल बसली होतीस तशीच."

विदाद परातीपुढे बसली. रव्यावर पाण्याचा हबका मारून ती उजवा तळवा गोल गोल फिरवू लागली. डाव्या मनगटावर पुरळ उठलं होतं, म्हणून घड्याळ चार दिवसांपासून उजव्या हातात होतं, तेही सैल. मावशीने तिचा डावा हात धरला, नाडीवर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठातल्या ओठात मोजलं.

"अठ्ठ्याऐंशी. तुझं यंत्र काय म्हणतंय?"

"एकशे पन्नास."

"थांबव हात."

हात थांबला. जरा वेळाने आकडा घसरत घसरत नव्वदवर आला. हात फिरवला की पुन्हा वर.

"अगं, हे तुझं हृदय मोजतच नाहीये," मावशी मांडीवर थाप मारून म्हणाली. "हे कुसकुस मोजतंय! कातडीवर उजेड पाडून रक्त बघतं ना हे? सैल बांधलंय, मनगट हलतंय, तर याला हाताचा फेराच ठोका वाटतो. आणि ठोकेच खोटे, तर त्यावरून काढलेल्या कॅलरी कुठल्या खऱ्या? लाव त्याला फोन. चेहरा दिसेल असा."

गाझी पडद्यावर आला. मावशीने त्याला बोलूच दिलं नाही. "सेकंद मोज. मोठ्याने. तू नर्स नाहीस, मी आहे." विदाद परातीत हात फिरवत होती, मावशी नाडी मोजत होती, आणि व्यायामशाळेत उभा असलेला तो धिप्पाड माणूस शाळकरी पोरासारखा साठपर्यंत आकडे म्हणत होता. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. घड्याळ आणि नाडी काही जुळेनात.

"हं," तो शेवटी म्हणाला. "असं होतं कधीकधी. सैल बांधलं की होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. माफ कर, विदाद."

उम्मीने डोळे पुसले आणि लग्नघरात जीभ घुमवून काढतात ती आनंदाची लांब लकेर अशी घेतली की शेजारच्या बायका गच्चीवर आल्या. मावशीने बदामाची मिठाई काढली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता.

विदाद मात्र पिठाळलेले हात मांडीवर ठेवून बसून राहिली. जिंकल्यासारखं तिला काहीच वाटत नव्हतं. तो यंत्राची चूक मानत होता. तिला खोटारडी म्हणाला, त्याबद्दल एक अक्षर नाही. तिचा शब्द सकाळी जिथे पडला होता, तिथेच अजून पडून होता. आणि आपण खरे आहोत हे दाखवण्यासाठी तिने स्वतःच मनगट पुढे केलं होतं. विचारायचा हक्क तिने त्याला आपल्या हाताने देऊन टाकला होता. आता तो रोज विचारणार, आणि ही रोज परात घेऊन बसणार.

"मनगटावरचं मुळात कच्चंच असतं," गाझी खुशीत येऊन सांगत होता. "छातीला बांधायचा पट्टा मिळतो. थेट हृदयावर. तो चुकत नाही. तुझ्यासाठी पाठवतो, लग्नाआधी पोचेल. छातीच्या खालचा घेर किती गं तुझा?"

विदादने क्षणभर विचार केला. सैल बांधलं तर यंत्राला काही कळत नाही, हे तिने आत्ताच पाहिलं होतं.

"ब्याऐंशी सेंटिमीटर," ती म्हणाली.

"अगं, ब्याऐंशी कुठून आणलंस?" उम्मी मिठाईचं ताट घेऊन हसत हसत पडद्यासमोर वाकली. "शहात्तर रे बाबा, शहात्तर! सकाळीच पोशाखासाठी मी स्वतः टेप लावून मोजलंय."

"बरं झालं सांगितलंत, उम्मी," गाझी म्हणाला आणि त्याने आकडा लिहून घेतला. "सैल राहिला असता तर पुन्हा चूक झाली असती."