आसरांचं दूध

विंझर गावाच्या वरच्या अंगाला तीस उंबऱ्यांची एक वाडी होती, आणि उन्हाळा लागला की त्या वाडीत नारू निघायचा. कुणाच्या घोट्याला, कुणाच्या पोटरीला फोड यायचा, फुटायचा, आणि त्यातून दोऱ्यासारखा हातभर लांब किडा डोकं बाहेर काढायचा. ओढाताणीत तो तुटला तर पाय सडायचा. म्हणून रोज काडीवर एकेक वेढा देत महिनाभर त्याला काढावं लागे. हे काम साळूबाईचं. ऐन पेरणीच्या दिवसांत वाडीतले निम्मे गडी तिच्या ओट्यावर पाय पसरून बसलेले असत. आनंदराव पाटलांचंसुद्धा तिच्यापुढे चालत नसे, कारण त्यांनीही त्या ओट्यावर दोन उन्हाळे काढले होते.

वाडीला पिण्याचं पाणी एकच, पायऱ्यांच्या विहिरीचं. पाण्यालगतच्या पायरीवर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले सात गोटे होते. त्यांची पूजाही साळूबाईकडेच. फोड फुटला की ती माणसाला त्या पायरीवर नेई आणि पाय पाण्यात सोडायला लावी. जरा वेळानं फोडातून दुधासारखं पांढरं पाणी निघे. मग ती हात जोडून म्हणे, "आसरांनी दूध घेतलं. आता नारू सरळ निघंल." आणि तो खरोखरच सरळ निघायचा, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं. चार हात पलीकडे बायका घागरी भरत असायच्या.

एवढं करून तिच्या स्वतःच्या लेकाचा, भिमाचा, पाय काही सुटत नव्हता. पाच वर्षांत चारदा त्याला नारू झाला. भातलावणीला दुसऱ्यांच्या हातापाया पडावं लागे, आणि धट्टाकट्टा गडी ओट्यावर बसून भिंतीकडे बघत राही. साळूबाईला ते बघवत नसे. आसरांना ती रोज एकच मागणं मागायची, त्याचे पाय तेवढे सांभाळा.

त्या काळी हा मुलूख भोर संस्थानात. एका चैत्रात संस्थानच्या कचेरीतून केशव नावाचा तरुण कारकून वाडीत आला. अंगानं काडी, पण चिकाटीचा. चावडीवर बसून त्यानं सांगितलं की विहिरीच्या पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा आणि रहाटावरून पाणी ओढायचं. गवंडी, चुना आणि रहाट कचेरी देईल. दगड, गाड्या आणि अंगमेहनत वाडीची. पाटलांना ते पटलं. दगडाला काय, डोंगर उशाशीच होता. पण आसरांच्या गोट्यांना हात कोण लावणार, म्हटल्यावर सगळे खाली बघायला लागले. मग पाटलांनी केशवला साळूबाईच्या ओट्यावर आणून बसवलं आणि स्वतः काम आठवल्यासारखं करून निघून गेले.

"तुमच्या कचेरीला आमच्या देवीची अडचन व्हती व्हय?" साळूबाईनं विचारलं.

"देवीची नाही, पायांची," केशव म्हणाला. "नारू झालेला पाय पाण्यात गेला, की फोडातून दुधासारखं पाणी निघतं. त्यात नारूची बारीक पिलं असतात, डोळ्याला न दिसणारी. ती पाण्यातल्या किड्यांच्या पोटात शिरतात, आणि ते पाणी आपण पितो. वर्षभर नारू अंगात वाढतो, मग पायातून निघतो. म्हणजे आत्ता पायऱ्या बुजवल्या तरी पुढच्या उन्हाळ्यात नारू निघणारच, प्यायलेल्या पाण्याचा. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र निघणार नाही."

 दुधाची गोष्ट या पोराला वाडीतल्या कुणी सांगितली असेल असं साळूबाईनं म्हणावं, तर ती विचारायला तो आलाच नव्हता. तो आपला छापील कागदावरचं वाचल्यासारखं सांगत होता. तिनं मनातल्या मनात वर्षं मोजली. वाडीतल्या चिमाजीला नारू झाला तेव्हा त्याला पायरीवर बसवलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भिमाला पहिला नारू झाला. नंतरची वर्षं मोजायचा तिला धीर झाला नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी सकाळी न्हाऊन ती विहिरीत उतरली. सातही गोटे पाटीत घेतले आणि वर उंबराखाली मांडले. गाव जमला, तेव्हा खरं सांगायचं तिच्या ओठावर होतं. पण इतक्या माणसांपुढे ते काही बाहेर पडेना. ती म्हणाली, "आसरा सपनात आल्या. वर न्या म्हनल्या. आता नारू न्हाई हुनार, म्हनल्या."

झालं. देवीनंच हुकूम दिल्यावर कोण मागे राहतो? गाड्या जुंपल्या गेल्या, दगड आले, बायकांनी पाट्या वाहिल्या आणि वैशाख संपायच्या आत कठडा उभा राहिला. केशव जाताना पुनःपुन्हा बजावत होता की अजून एक उन्हाळा नारू निघेल. पण देवीचा शब्द असताना कारकुनाचा शब्द कोण ऐकतो! पाटलांनी त्याला शेंगा बांधून दिल्या आणि वाटेला लावलं.

पुढचा उन्हाळा आला. अकरा जणांना नारू झाला, आणि त्यात भिमा होता.

गडी पहारी घेऊन विहिरीवर गोळा झाले. आसरा कोपल्या, पायऱ्या मोकळ्या करा, गोटे खाली ठेवा, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. पाटील मध्ये उभे होते, पण त्यांचाही जीव थाऱ्यावर नव्हता. सोनबा नावाच्या तापट गड्यानं कठड्याच्या सांध्यात पहार घातली. "आक्का, तुमी देवीचं बोलनं नीट ऐकलं न्हाई," तो म्हणाला.

साळूबाई कठड्याला पाठ लावून उभी राहिली. भिमा काठी टेकत आला होता. तिला वाटलं, तो तरी इथे नसता तर बरं झालं असतं.

"सपान पडलंच न्हाई," ती म्हणाली. "म्या खोटं बोलले. ते दूध नव्हतं. नारूची पिलं व्हती ती. म्या तुमचं पाय पान्यात सोडाया लावलं, आन् तेच पानी समद्या वाडीला पाजलं. कारकुनानं मला समदं सांगितलं व्हतं. ह्या सालचा नारू मागच्या पान्याचा हाय. ह्यो कठडा फोडलात, तर तुमच्या पोरांस्नी बी व्हईल."

पहार सांध्यातच राहिली. कुणी शिवी दिली असती तर तिला सोपं गेलं असतं.

"आये, माजा बी तुज्यामुळंच?" भिमानं विचारलं.

"व्हय. तुजा बी."

 भिमानं काठी कठड्याला टेकवली, सोनबाची पहार सांध्यातून उपसली आणि बाजूला ठेवली. "वरीसभर बघू," तो म्हणाला. तेवढंच. आनंदराव पाटलांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, की पाय बरा होईस्तोवर नारूवाल्यानं विहिरीकडे फिरकायचं नाही, त्याच्या घरचं पाणी शेजाऱ्यानं भरायचं. आणि तसं पुरं वर्ष झालं. पण भिमा त्या वर्षात आईशी कामापुरतंच बोलला, आणि साळूबाईनं ते मुकाट्यानं सोसलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात केशव नारू झालेल्यांची यादी करायला आला आणि कोरा कागद घेऊन गेला. आषाढात भिमा चिखलात उतरला. साळूबाई बांधावर बसून होती. तो रोपाची मूठ घ्यायला बाहेर यायचा, पुन्हा आत जायचा, आणि तिची नजर काही त्याच्या पायांवरून हलत नव्हती.

"आये, किती बघशील?" तो शेवटी म्हणाला.

"बघू दे रं," साळूबाई म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "इतकी वरसं ह्या पायांस्नी हात लावला, पर बघितलं कदी न्हाई."