पांढरा, नऊ, धक्का

बास्केटबॉलच्या मैदानात उतरलं की माणसाचं नाव दाराशी राहतं. कुणी काका नाही, कुणी साहेब नाही. अंगावरचा रंग, पाठीवरचा आकडा, एवढीच ओळख. पंचाने ‘निळा, चार, धक्का’ म्हणावं, गुणलेखकाने मांडावं, खेळ पुढे.

लेक महिनाभर दोरीवरच्या कपड्यांवर सराव करत होती. हिरवा टॉवेल, दोन, ढकलाढकली. आई म्हणायची, आधी वाळू दे गं, मग बाहेर काढ.

आज तिची पंचपरीक्षा, अंगात पंचाचा राखाडी शर्ट. समोर निळे, आणि पांढऱ्यांत नऊ नंबर घालून, पोट आत ओढून, बाबाच उभे. ऑफिसच्या संघाचे कप्तान. तिने परीक्षकांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, मग परीक्षा खरी होईल. ‘बाबा’ म्हणून जीभ एकदा घसरली तर ताकीद, दुसऱ्यांदा घसरली तर नापास. आणि कप्तानाची तक्रार आली तरी नापासच.

बाबांचं कोपर जुनं लाडावलेलं. पहिल्याच डावात ते एका निळ्याच्या बरगडीत शिरलं, शिट्टी वाजली आणि तिच्या तोंडून गेलं, “बाबा, कोपर!”

सगळं मैदान खदखदलं. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

शेवटचं मिनिट. पांढरे एका गुणाने पुढे, बाबांच्या नावावर चार फाउल, पाचव्याला खेळाडू बाहेर. उडी मारणाऱ्या निळ्याला त्यांनी कमरेनं हलकेच सारलं. शिट्टी. ‘बा’ ओठांवर आला, तिने तो गिळला, मूठ वर केली.

“पांढरा, नऊ, धक्का. पाचवा.”

“अगं, हात तरी लागला का माझा?”

तिने फक्त आकड्याकडे पाहिलं. “पांढरा, नऊ, बाहेर.”

बाबा डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसले. निळ्यांनी दोन्ही फ्री थ्रो जाळीत टाकले, पांढरे एका गुणाने हरले.

गुणपत्रकावर कप्तानाची सही लागते, तक्रारही तिथेच लिहायची. परीक्षकांनी पेन पुढे केलं. बाबा चष्म्याशिवाय बराच वेळ कागद वाचत राहिले.

“तक्रार नाही,” ते शेवटी म्हणाले. “राखाडी शर्टाचा निकाल बरोबर. फक्त ती एकदा बाबा म्हणाली ना, तो फाउल माझ्या नावावर मांडा. सवय मीच लावलीय.”

परीक्षकांनी हसू दाबत ‘उत्तीर्ण’ लिहिलं.

बाहेर आल्यावर लेकीने त्यांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. बाबा मात्र फाटकापर्यंत विचारत राहिले, नुसती कंबर लागली तर तो धक्का कसा म्हणून.