गुरुजींचं पहिलं मत

आयर्लंडमधल्या टॅला या उपनगरातल्या त्या घरात मंगळवारी सकाळी नऊपासून नुसती धांदल उडाली होती, आणि ती उडवणारे पद्माकर गुरुजी स्वतः खुर्चीतून तसूभर हलत नव्हते. हलणार कसे? दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून वॉकरशिवाय पाऊल टाकणं नाही. तोंडाला मात्र काही झालेलं नव्हतं, असं त्यांची बायको सरलाबाई येईल-जाईल त्याला सांगत.

"टेबल भिंतीकडे घ्या. केतकी, तो मॉनिटरचा खोका उभा कर. हां! मतदाराला आडोसा पाहिजे."

"बाबा, मतदान शुक्रवारी आहे," लेक म्हणाली. "आज तुमच्या एकट्यासाठी येतायत त्या अधिकारीबाई."

"मतदार एक असो की हजार, केंद्र ते केंद्रच!"

खरंच तसं होतं. ज्याला मतदान केंद्रापर्यंत जाता येत नाही, त्याच्याकडे इथे केंद्रच चालत येतं. निवडणुकीच्या काही दिवस आधी एक अधिकारी मतपत्रिका घेऊन घरी येतो, सोबत गार्डा, म्हणजे इथला पोलीस. आणि कौन्सिलच्या स्थानिक निवडणुकीत परदेशी पासपोर्टवाल्यालाही मत असतं. मागच्या खेपेला हे कुणाला ठाऊकच नव्हतं. यंदा केतकीने डॉक्टरांचा दाखला जोडून फॉर्म भरला होता.

आता गुरुजींच्या पोटातली गोष्ट सांगतो. बार्शी तालुक्यात मास्तरकी केलेला हा माणूस, निवडणूक आली की केंद्राध्यक्ष म्हणून ड्यूटी ठरलेली, तीही नेमकी दुसऱ्याच गावात. टपाली मतपत्रिका एकतर यायचीच नाही, नाहीतर गुलाल उधळून झाल्यावर यायची. निवृत्त झाले त्याच वर्षी लेकीकडे आयर्लंडला आले. म्हणजे सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एकदाही मत दिलेलं नव्हतं! आणि घरी? घरी दर वेळी "टपालाने दिलं" म्हणून थाप. वर केतकीला, जावयाला, समोरच्या शेजाऱ्यालासुद्धा मतदानाच्या कर्तव्यावर व्याख्यान. आजची संधी हुकली तर पुढची पाच वर्षांनी, आणि तोवर आपण असूच याचा भरवसा नाही, हे गुरुजींना पुरतं माहीत होतं.

दहाच्या ठोक्याला बेल वाजली. ओर्ला नावाच्या पन्नाशीच्या बाई आणि एक उंचपुरा गार्डा आत आले. गुरुजींनी आधी त्यांचंच ओळखपत्र मागितलं.

"बाबा!" केतकीचा चेहरा लाल झाला.

"बरोबर आहे त्यांचं," ओर्लाबाई हसून म्हणाल्या आणि कार्ड पुढे केलं.

सरलाबाईंनी चहाचं विचारलं, तर गुरुजी कडाडले, "ड्यूटीवरच्या माणसाला मतदाराच्या घरचं पाणीसुद्धा द्यायचं नाही!" बिचारा गार्डा शिऱ्याच्या वासाने स्वयंपाकघराकडे बघतच राहिला.

ओळख पटवायच्या कागदावर गुरुजींची सही झाली. मायलेकींना स्वयंपाकघरात पाठवलं. ओर्लाबाईंनी मतपत्रिकेवर शिक्का मारला, ती गुरुजींच्या हातात दिली आणि दोघंही खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

हातभर लांब कागद. उमेदवारांची नावं, फोटो. आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. कुणाला कितवा हे गुरुजींनी पंधरा दिवस घरात येऊन पडलेली पत्रकं वाचून पक्कं केलेलं. त्यांनी पेन उचललं, कागद झटकन उलटा केला आणि मागे झोकात सही ठोकली. पद्माकर वि. देवस्थळी.

आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं.

अहो, वर्षानुवर्षं हजारो मतपत्रिकांच्या पाठीवर केंद्राध्यक्ष म्हणून सह्या केलेला हात तो! मतपत्रिका दिसली की उलटवायची आणि सही करायची, एवढंच त्याला ठाऊक. मतदाराने कागदावर आपलं नाव घातलं की मत बाद, हे गुरुजींनी गावोगाव लोकांना घसा फोडून सांगितलेलं होतं. अडाण्यातल्या अडाण्यानेही अशी चूक केली नसती.

कुणी पाहिलं नव्हतं. गुपचूप घडी घालून पाकिटात सारलं असतं, तर घरात कुणाला पत्ता लागला नसता. मतमोजणीला एक कागद बाद म्हणून बाजूला पडला असता, बस्स. अब्रू राहिली असती, मत गेलं असतं. गुरुजींना ती सही बघून स्वतःचाच असा राग आला की डोळे भरून आले.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. मी अधिकारी होतो, त्या सवयीने सही केली. दुसरी मिळेल का?"

आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेलाच. दारात मायलेकी येऊन उभ्या राहिल्या.

ओर्लाबाई वळल्या. कागद बघितला. "ग्रँड," त्या शांतपणे म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे. "एवढं काय त्यात? होतं असं." त्यांनी तो कागद रद्द केला, वेगळ्या पाकिटात घातला, वहीत नोंद केली आणि दुसरी मतपत्रिका शिक्का मारून दिली. "या वेळी सही नको हं. आज अधिकारी मी आहे."

गुरुजी खुदकन हसले. मायलेकी पुन्हा आत गेल्या. या खेपेला गुरुजींनी डावा लुळा हात कागदावर वजनासारखा ठेवला, म्हणजे उलटायची भानगडच नको, आणि सावकाश आकडे घातले. एक. दोन. तीन. घडी, पाकीट, मोहर. झालं! छाती कशी हलकी झाली होती.

मोहर बसल्यावर त्यांनी स्वतःच हुकूम सोडला, "आता आणा शिरा." गार्ड्याने दोनदा घेतला.

पाहुणे गेले आणि गुरुजींना राहवेना. एक चूक कबूल करून झाली होती, दुसरी जड गेली नाही.

"सरला, ते टपालाचं सगळं खोटं होतं. मी आजवर एकदाही मत दिलं नव्हतं. हे पहिलं."

"बाबा!" केतकी किंचाळली. "आणि मला अठरावं लागल्यापासून लेक्चर?"

सरलाबाईंनी बश्या गोळा करता करता हात थांबवला. "दिलं नाहीत कसं? दर वेळी ड्यूटीला निघताना मला बजावून जायचात, अमक्याच चिन्हावर शिक्का मार म्हणून. मी मुकाट्याने मारायचे. तुमचं मत दर वेळेला पडलंय हो. पडायचं राहिलं ते माझं."

गुरुजींनी आपली बशी स्वतःच सरलाबाईंकडे सरकवली.

"केतकी, शुक्रवारी शाळेत मला मतदानाला किती वाजता नेशील?" सरलाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही. मला काही सांगायचं नाही."

"नाही सांगत," गुरुजी म्हणाले.