दहा हजार हत्ती

मित्रांनो, माझ्या पोटातून आजवर हजारो हत्ती बाहेर पडले आहेत. मी एक जुना पोलादी साचा आहे. माझी दोन्ही अर्धुके मिटली की यंत्र आत गरम प्लास्टिक सोडते, हवा फुंकते आणि हत्ती तयार होतो. त्यात पाणी भरून पोट दाबले की सोंडेतून चिळकांडी उडते. उन्हाळ्यात मुले त्याच्यासाठी घर डोक्यावर घेतात. उन्हाळा सरला की त्याला कुत्रेही विचारत नाही.

कारखाना दोन भावंडांचा. धाकटा भाऊ यंत्र सांभाळतो आणि ताई माल बांधणाऱ्या चार बायकांना. हत्तींनंतर यंत्रावर बाटल्यांचा साचा चढतो, म्हणून वर्षभर काम देईन असा शब्द ताईने त्यांना दिला होता.

गेल्या वर्षी तीन हजार हत्ती केले, ते आठवड्यात संपले. दुकानदार माझे गुण गाऊ लागले. मी फुगलो. पोलादाला हे शोभत नाही, पण फुगलो.

यंदा भावाने सातही दुकानदारांना विचारले, "गेल्या वर्षी किती गिऱ्हाइकं रिकाम्या हाती गेली?" कोणी आठशे म्हणाला, कोणी बाराशे. बेरीज सात हजार भरली; त्यात गेल्या वर्षीचे तीन हजार मिळवून भावाने यंदाचा आकडा ठरवला : दहा हजार.

ताई म्हणाली, "अरे, नातीसाठी मीच सहा दुकानं पालथी घातली होती. सहाही जणांनी मला मोजलं असेल."

"आपलाच हत्ती तू दुकानात शोधत होतीस?"

"तू घरात एक तरी ठेवला होतास का?"

"ताई, सगळं गाव काही तुझ्यासारखं नसतं."

"बरं बाबा, नसेल. पण आधी चार हजार कर. साचा यंत्रावरच राहू दे. पहिला आठवडा बघू, मग ठरवू."

"आणि तोवर यंत्राने काय माश्या मारायच्या?"

यंत्राने माश्या मारल्या नाहीत. कारखान्यातला प्लास्टिकचा सगळा दाणा माझ्या पोटात गेला. मला ओरडावेसे वाटत होते, पण साच्याला तोंड असते, जीभ नसते.

चार हजार हत्ती विकले गेले. बाकीचे खोक्यांतून परत आले आणि छताला टेकले. बाटल्यांसाठी दाणा उरला नाही, आणि नवा घ्यायचा पैसा हत्तींत अडकला होता. बाटल्या नाहीत, तर बायकांनी बांधायचे काय? एका सकाळी ताईने चौघींना आता काम नसल्याचे सांगितले.

"मग परत कधी येऊ, ताई?" थोरलीने विचारले.

ताईने भावाकडे पाहिले. भाऊ पुटपुटला, "हत्ती संपले की."

"म्हणजे कारखान्यात हत्तींना जागा आहे, आम्हाला नाही," दुसरी म्हणाली. कोणी हसले नाही.

मला तेलाचे बोटही न लावता फडताळात ठेवले गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी कोणाला हवा आहे? सोंडेच्या टोकाशी गंज धरू लागला आहे.

मित्रांनो, अवजारे ठेवून देताना त्यांना पुसा, तेल लावा. आणि एक उपकार करा. एका दुकानात न मिळालेली वस्तू दुसरीकडे मिळाली, तर पहिल्या दुकानदाराला तसे सांगून जा. तो तुम्हाला मोजून बसलेला असतो. त्याच्या आकड्यावर कुठेतरी एक यंत्र सुरू होते, आणि एका सकाळी चार बायका जेवणाचे डबे न उघडताच घरी परततात.